स्पेनच्या दक्षिणेचीं तीन नगरें

स्पेन देशाच्या दक्षिण भागास अंदालुसिया असें नांव आहे. ‘अल्-अंदलुस’ या अरबी नांवाचें तें रूपांतर होय. इ. स. ७११ मध्यें जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून मुसलमान सैन्य या भूमीवर उतरलें, आणि १४९२ मध्यें ग्रानादाच्या शेवटच्या सुलतानानें आपल्या नगराच्या किल्ल्या ख्रिस्ती राजाराणींच्या हवालीं केल्या. या दोन घटनांच्या मध्यें जवळजवळ आठशें वर्षें गेलीं. कोर्दोबा, सेव्हिल आणि ग्रानादा हीं तीन नगरें पाहावयास आज जगाच्या कानाकोपऱ्यांतून लोक जातात, ते मुख्यत्वें या आठशें वर्षांनीं मागें ठेवलेलें धन पाहण्यासाठीं.

परंतु जें पाहावयास मिळतें तें सरळ नाहीं. मशीद पाहावयास गेलेला प्रवासी कॅथीड्रलमध्यें शिरतो. ख्रिस्ती राजाचा वाडा पाहावा, तर भिंतीवर अरबी अक्षरें कोरलेलीं दिसतात. कॅथीड्रलच्या घंटा ज्या मनोऱ्यावर वाजतात, त्याच मनोऱ्यावरून एके काळीं बांग दिली जात असे. ही वास्तु कोणाची, तिला नांव कोणतें द्यावें, हे प्रश्न येथें पावलोपावलीं उभे राहतात. आणि ते केवळ पंडितांच्या बैठकींतले प्रश्न नव्हेत. त्यांवर आजहि तेथें वर्तमानपत्रांतून, न्यायालयांतून व नगरपालिकांतून भांडणें चालतात.

कोर्दोबा हें नगर ग्वादलकिविर नदीच्या कांठीं आहे. ‘वादी अल्-कबीर’, म्हणजे मोठी नदी, हेच शब्द स्पॅनिश जिभेवर घोळून ग्वादलकिविर झाले. रोमन काळींहि हें मोठें नगर होतें. तत्त्वज्ञ सेनेका येथलाच. परंतु त्याचें भाग्य उजळलें तें एका निर्वासितामुळें. दमास्कस येथें उमय्या घराण्याची सत्ता ७५० मध्यें उलथली, घराण्यांतील पुरुषांची कत्तल झाली, आणि अब्द अल्-रहमान नांवाचा एक तरुण राजपुत्र तींतून निसटून उत्तर आफ्रिकेच्या वाटेनें स्पेनमध्यें आला. ७५६ मध्यें तो कोर्दोबाचा अमीर झाला. जन्मभूमीचें दर्शन त्याला पुन्हां कधीं घडलें नाहीं. ७८५ च्या सुमारास त्यानें ज्या मशिदीचें काम आरंभिलें, ती त्याच्या वंशजांनीं व अखेरीस अल्-मन्सूर या बलाढ्य वजिरानें दोनशें वर्षें वाढवीत नेली.

ही मशीद बाहेरून एखाद्या तटबंदीसारखी रुक्ष दिसते. आंत पाऊल टाकतांच खांबांचें अरण्य लागतें. आज सुमारें साडेआठशें खांब तेथें उभे आहेत, आणि कोठेंहि उभें राहिलें तरी चहूंकडे त्यांच्या रांगा दूर अंधारांत विरत जातात. या खांबांवर दुमजली कमानी आहेत. त्या शोभेसाठीं उभारल्या असाव्यात असें प्रथम वाटतें; पण त्यांचें मूळ अडचणींत आहे. पहिल्या बांधकामास मिळालेले खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून काढून आणलेले होते. कोणी उंच, कोणी बुटका, आणि एकंदरींत सारेच आंखूड. एवढ्या विस्तीर्ण दालनाचें छप्पर त्यांच्यावर टेकविलें असतें तर तें डोक्यावर आल्यासारखें झालें असतें, आणि उजेड व वारा यांना वाव राहिला नसता. म्हणून कारागिरांनीं खांबांच्या माथ्यावर दगडी चौकोनी खांब चढविले. खालची कमान घोड्याच्या नालासारखी आहे. ती खांबांना एकमेकांपासून ढळूं देत नाहीं. वरची अर्धवर्तुळाकार आहे. छपराचा भार ती पेलते. दोहोंच्या मध्यें भिंत नाहीं, पोकळी आहे; त्यामुळें एवढी उंच रचनाहि अंगावर येत नाहीं. मेरिदा गांवीं रोमनांनीं उभारलेला जो प्रचंड जलसेतु आहे, त्यांत कमानीवर कमान आणि विटेवर दगड अशीच रचना दिसते. तेथूनच ही कल्पना सुचली असावी असें पुष्कळ जाणत्यांचें मत आहे. तांबडी वीट आणि पांढरट दगड यांचे आलटून पालटून येणारे पट्टे हें या मशिदीचें सर्वांना ठाऊक असलेलें लक्षण होय.

दहाव्या शतकांत खलिफा दुसरा अल्-हकम यानें मिहराबाचें दालन सजविलें. त्यासाठीं सोनेरी व रंगीत कांचेचे बारीक तुकडे आणि ते बसविणारा कारागीर हीं दोन्ही कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटाकडून आलीं. खलिफाच्या मशिदींतील सर्वांत पवित्र कोनाड्यावर बायझंटाईन हात फिरला आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

१२३६ मध्यें कॅस्टिलचा राजा तिसरा फर्डिनांड यानें कोर्दोबा घेतलें आणि मशिदीचें ख्रिस्ती मंदिर झालें. पुढील जवळजवळ तीनशें वर्षें मूळ रचनेस फारसा धक्का लागला नाहीं. १५२३ मध्यें मात्र बिशपनें मशिदीच्या मधोमध नवें उंच कॅथीड्रल उठविण्याचें ठरविलें. आश्चर्याची गोष्ट ही कीं, याला आडवे आले ते ख्रिस्तीच. जो मजूर या पाडापाडींत हात घालील त्याला देहांताची शिक्षा होईल, असें फर्मान नगराच्या मंडळानें काढलें. प्रकरण सम्राट पांचवा चार्ल्स याच्यापर्यंत गेलें. त्यानें बिशपच्या बाजूनें कौल दिला. पुढें प्रत्यक्ष काम पाहून, जगांत एकमेव असलेली वस्तु मोडून कोठेंहि सांपडेल अशी वस्तु तुम्हीं बांधलीत, अशा आशयाचे शब्द तो बोलला असें सांगतात. कथा खरी असो वा नसो, मशिदीच्या मधून अचानक डोकें वर काढणारें तें मंदिर पाहणाऱ्या पुष्कळांच्या मनांत हाच विचार येतो. तथापि दुसरी बाजूहि विसरतां येत नाहीं. सेव्हिलची मोठी मशीद पाडली गेली, कोर्दोबाची राहिली. ज्या बांधकामानें तिचें पोट फाडलें, त्यानेंच तिच्या उरलेल्या अंगाचें रक्षण केलें असें म्हणावें लागतें.

या वास्तूच्या मालकीचा वाद अगदीं अलीकडचा आहे. धर्मसंस्थेला आपल्या ताब्यांतील इमारती स्वतःच्याच दाखल्यावर नोंदवितां येतील असा एक कायदा स्पेनमध्यें होता. १९९८ मध्यें त्याची व्याप्ति प्रार्थनामंदिरांपर्यंत वाढविण्यांत आली, आणि २००६ मध्यें कोर्दोबाच्या धर्मप्रांतानें ही वास्तु सुमारें ३० युरो शुल्क भरून आपल्या नांवें नोंदविली. २०१५ मध्यें तो कायदा रद्द झाला. नोंद मात्र राहिली. वास्तु सार्वजनिक मालकीची असावी असें म्हणणारे नागरिक आणि आठ शतकांची वहिवाट पुढें करणारें धर्मपीठ यांचा तंटा मिटलेला नाहीं. मुसलमानांस येथें नमाजाची अनुज्ञा नाहीं. मध्यंतरीं कांहीं वर्षें प्रवाशांना मिळणाऱ्या माहितीपत्रकांतून ‘मशीद’ हा शब्दच मागें पडला होता, त्यावरूनहि गांवांत गदारोळ झाला. ऑगस्ट २०२५ मध्यें आंत आग लागली तेव्हां मात्र सर्व पक्षांचे श्वास एकदमच अडकले. आग त्याच रात्रीं आटोक्यांत आली. एका उपमंदिराचें छप्पर कोसळलें, पण खांबांचें अरण्य वांचलें.

मशिदीच्या बाहेर पडल्यावर यहुदी वस्तीच्या अरुंद गल्ल्या लागतात. येथें १३१५ मध्यें बांधलेलें यहुद्यांचें लहानसें प्रार्थनागृह आहे. मध्ययुगीन स्पेनमधील अशीं फारच थोडीं प्रार्थनागृहें शिल्लक आहेत. बाराव्या शतकांत मायमोनिडीज हा यहुदी पंडित आणि इब्न रुश्द हा मुसलमान तत्त्वज्ञ, दोघेहि याच नगरांत जन्मले. एकाच्या घराण्यास धर्मच्छळामुळें गांव सोडावें लागलें, दुसऱ्याला उतारवयांत हद्दपारी भोगावी लागली. आणि दोघांवरहि ही वेळ आणणारी राजसत्ता अल्मोहादांचीच होती. आज दोघांचेहि पुतळे नगरांत आहेत. ‘तिन्ही धर्म येथें गुण्यागोविंदानें नांदत होते’ असें वाटाडे सांगतात, तें ऐकतांना एवढें लक्षांत असूं द्यावें.

नगराच्या पश्चिमेस मदीना असाहारा या राजनगरीचे अवशेष आहेत. ९३६ मध्यें तिचा आरंभ झाला आणि पाऊणशें वर्षांच्या आंतच यादवींत ती लुटली गेली. १९११ पासून खोदकाम चालू असूनहि तिचा लहानसाच भाग जमिनीवर आला आहे.

कोर्दोबाचें दुसरें आकर्षण राजवाड्यांत नाहीं. तें सामान्य घरांत आहे. महाराष्ट्रांतील वाड्याचा चौक ज्यानें पाहिला आहे त्याला कोर्दोबाचा ‘पातिओ’ समजावून सांगण्याची गरज नाहीं. मधें उघडा चौक, भोंवतीं खोल्या, एका बाजूस विहीर किंवा हौद. उन्हाळ्यांत कोर्दोबाचें उष्णमान ४० अंशांच्या वर सहज जातें. रात्रीं थंड झालेली जड हवा चौकाच्या तळाशीं साचते. चुन्यानें पांढऱ्या केलेल्या भिंती ऊन परतवितात. शिंपलेली फरशी आणि ओल्या कुंड्या यांतून पाणी उडून जातांना हवेंतील उष्णता घेऊन जातें. विजेच्या यंत्रावांचून घर थंड ठेवण्याची ही युक्ति रोमनांपासून चालत आलेली आहे. पूर्वीं अशा एका घरांत पुष्कळ गरीब कुटुंबें बिऱ्हाड करून राहत. चौक, विहीर, धुणें धुण्याची जागा आणि भांडणें ही सर्वांची समाईक मालमत्ता असे.

१९२१ मध्यें नगरपालिकेनें सर्वांत सुंदर चौकास बक्षीस देण्याची स्पर्धा सुरू केली. यादवी युद्धाच्या काळांत खंड पडला, तरी ती आजहि मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत भरते. त्या दिवसांत दरवाजे उघडे असतात आणि अनोळखी माणसें चौकांतून फिरून जातात. भिंतीवर उंचावर शेंकडों कुंड्या टांगलेल्या असतात. त्यांना पाणी घालण्यासाठीं लांब वेताच्या टोकास पत्र्याचा डबा बांधतात. कडक उन्हाळ्यांत या कामासाठीं घरांतील एका माणसाचे रोज कित्येक तास जातात. २०१२ मध्यें युनेस्कोनें या उत्सवास मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. येथेंच खरी अडचण सुरू झाली. प्रवासी वाढले तशीं जुन्या पेठांतील घरें प्रवाशांस भाड्यानें देणें अधिक किफायतीचें ठरूं लागलें. घर विकलें गेलें कीं वेताचा डबा हातांत घेणारी आजी उरत नाहीं. जी वस्तु पाहावयास लोक येतात तीच त्यांच्या येण्यानें विरघळते, अशी ही गति आहे. कांहीं रहिवाशांनीं एकत्र येऊन ओसाड पडलेलीं जुनीं घरें विकत घेऊन पुन्हां वसविण्याचा उद्योग आरंभिला आहे. त्याला यश किती येतें हें पुढें दिसेल.

सेव्हिल हें नगर याच नदीच्या कांठीं, पण समुद्राच्या अधिक जवळ. तेथील मशीद पाडून त्या जागीं कॅथीड्रल बांधण्याचा निश्चय १४०१ मध्यें झाला आणि १५०६ मध्यें काम पुरें झालें. गॉथिक पद्धतीच्या कॅथीड्रलांत हें जगांत सर्वांत मोठें. जुन्या मशिदीचीं दोन अंगें मात्र राखलीं गेलीं: नारिंगांच्या झाडांचें अंगण आणि मनोरा. बाराव्या शतकाच्या अखेरीस अल्मोहाद सुलतानांनीं उभारलेल्या या मनोऱ्यास आतां हिराल्दा म्हणतात. सोळाव्या शतकांत त्याच्यावर घंटांचा मजला आणि वाऱ्याबरोबर फिरणारा ब्राँझचा पुतळा चढला. ‘फिरणें’ या अर्थाच्या स्पॅनिश धातूवरूनच हें नांव पडलें. पुतळ्यासह उंची सुमारें १०४ मीटर भरते. वर जाण्यास पायऱ्यांऐवजीं ३५ चढणी आहेत. रोज पांच वेळां वर जाणाऱ्याला घोड्यावर बसून जातां यावें म्हणून ही सोय केली असें सांगतात. म्हातारे प्रवासीहि त्यामुळें सुखानें माथा गांठतात.

कॅथीड्रलमध्यें दोन समाधि पाहण्याजोग्या आहेत. एक १२४८ मध्यें सेव्हिल जिंकणाऱ्या तिसऱ्या फर्डिनांडची. तिच्यावरील लेख लॅटिन, कॅस्टिलियन, अरबी आणि हिब्रू अशा चार भाषांत आहे. जिंकणाऱ्याची स्तुति जिंकलेल्यांच्या लिपींतहि लिहावी असें त्या काळीं वाटलें, ही गोष्ट पुढील इतिहास ठाऊक असलेल्या वाचकास चटका लावते. दुसरी समाधि कोलंबसची. स्पेनचें अमेरिकेंतील साम्राज्य संपुष्टांत आल्यावर, १८९९ मध्यें, हवानाहून त्याच्या अस्थि येथें आणल्या. सांतो दोमिंगो नगरहि आपल्याजवळ त्याच्या अस्थि असल्याचा दावा करतें.

कोलंबस निघाला होता हिंदुस्थानाच्या शोधांत, म्हणून अमेरिकेस स्पॅनिश दप्तरांत कित्येक शतकें ‘इंदियास’ हेंच नांव राहिलें. कॅथीड्रलशेजारच्या चौकोनी, गंभीर इमारतींत १७८५ पासून ‘आर्चिवो दे इंदियास’ हें दप्तरखानें आहे. सुमारें आठ कोटी पानें तेथें सांठविलेलीं आहेत: जहाजांच्या याद्या, हिशेब, कैफियती, नकाशे, गुलामांच्या खरेदीविक्रीचे कागद. वरवर पाहणारा प्रवासी येथें पांच मिनिटें थांबून निघून जातो; परंतु अमेरिकेंतील पुष्कळ देशांचा इतिहास लिहावयाचा तर या नगरांत येऊन बसल्यावांचून गत्यंतर नव्हतें. मराठी स्वयंपाकघराचाहि एक धागा येथवर येतो. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू हीं सारीं त्या ‘इंदियास’मधून समुद्र ओलांडून आलीं, त्यांतील मिरची सोळाव्या शतकांत पोर्तुगिजांबरोबर गोव्यास उतरली.

उलट दिशेनें गेलेली वस्तु सेव्हिलच्या रस्त्यारस्त्यांवर लोंबते. संस्कृत ‘नारंग’ शब्द फारसींतून अरबींत, अरबींतून स्पॅनिशमध्यें जाऊन ‘नारांखा’ झाला. शब्दाबरोबर झाडहि पूर्वेकडूनच पश्चिमेस गेलें. वसंतांत या झाडांच्या फुलांचा वास साऱ्या नगरावर पसरतो. फळें दिसावयास मोहक, पण कडू. नवखे प्रवासी तोंडांत घालतात आणि पस्तावतात. पुष्कळशीं मुरांब्यासाठीं इंग्लंडास जात आलीं आहेत.

अल्कासार हा येथील राजवाडा. मुसलमान अमिरांनीं वसविलेल्या किल्ल्यांत कॅस्टिलच्या पहिल्या पेद्रो राजानें १३६४ मध्यें नवा महाल बांधावयास घेतला. राजा ख्रिस्ती; कारागीर मुसलमान, त्यांतले कांहीं ग्रानादाच्या सुलतानाच्या पदरचे. भिंतींवर अरबी लिपींत पेद्रोचाच ‘सुलतान’ म्हणून गौरव आहे. स्पेनचे राजे सेव्हिलला आले कीं आजहि या वाड्याच्या वरच्या मजल्यावर उतरतात. नदीपलीकडील त्रियाना पेठ कुंभारांची. तेथील रंगीत फरशांना ‘असुलेखो’ म्हणतात, आणि हा शब्द अरबी ‘झुलैज’ वरून आला. पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेंत निळ्या फरशांवरील चित्रें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना या कलेची पोर्तुगीज शाखा ठाऊक आहेच.

ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहांत सेव्हिल पाहणें हा वेगळाच अनुभव असतो. येशू आणि मेरी यांच्या मूर्तींचे अवजड चौथरे निरनिराळ्या बंधुमंडळांकडून मिरवणुकीनें कॅथीड्रलकडे नेले जातात. ते वाहणारे पुरुष पडद्याआड चौथऱ्याच्या खालीं असतात. त्यांना रस्ता दिसत नाहीं. बाहेरच्या नायकाच्या हांकेवर आणि ठोक्यावर ते उचलतात, थांबतात, वळतात. अरुंद गल्लींतून मूर्ति वळत असतां हजारोंचा समुदाय निःशब्द होतो, आणि एखाद्या सज्जांतून कोणी एकटाच आर्त स्वरांत गाऊं लागतो. टोकदार बुरख्यांतील व्रतस्थ पाहून परदेशीय दचकतात. ती केवळ प्रायश्चित्त घेणाऱ्याची जुनी खूण आहे.

ग्रानादा सर्वांत शेवटीं पडलें, आणि सर्वांत अधिक राखलें गेलें. सिएरा नेवादाच्या बर्फाच्छादित रांगेच्या पायथ्याशीं एका टेंकडीवर अल्हाम्ब्रा उभा आहे. ‘अल्-हमरा’ म्हणजे तांबडी; मातीच्या व भिंतींच्या रंगावरून हें नांव पडलें. नस्र घराण्याचा मूळ पुरुष पहिला मुहम्मद १२३८ मध्यें येथें आला. किल्ला उंचावर आणि नदी खालीं, तेव्हां त्यानें दार्रो नदीचें पाणी सुमारें सहा किलोमीटर वरच्या अंगास अडवून, डोंगराच्या कडेनें पाट काढून टेंकडीवर आणलें. हा ‘राजपाट’ नसता तर अल्हाम्ब्रा हा एक कोरडा गढीवजा किल्ला राहिला असता. कोमारेस महालापुढील हौदांत मनोरा उलटा दिसतो, तो पाणी संथ राखल्यामुळें. दोन टोकांस पाणी इतक्या हळूं सोडलें आहे कीं वर तरंग उठत नाहीं. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पांचव्या मुहम्मदानें बांधिलेल्या सिंहांच्या चौकांत तेंच पाणी बारा संगमरवरी सिंहांच्या मुखांतून वाहतें आणि चार पन्हळींनीं चार दिशांच्या दालनांशीं जोडलेलें आहे. येथें पाण्याचा आवाजहि मोजूनमापून ठेवलेला आहे.

या महालांत मोलाचा दगड थोडा. बहुतेक सारें काम चुना-गिलावा, लांकूड आणि मातीच्या फरशा यांचें आहे. छतावरून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे लोंबणारे जे हजारों कोनाडे, तेहि गिलाव्याच्या लहान लहान ठोकळ्यांचे. एकट्या ‘दोन बहिणींच्या दालनां’त त्यांची संख्या पांच हजारांवर जाते. ‘ईश्वरावांचून विजयी कोणी नाहीं’ हें नस्रांचें ब्रीद भिंतींवर अगणित वेळां कोरलेलें आहे. हात लावल्यास झिजणाऱ्या या वस्तूचें आयुष्य काळजीवर अवलंबून आहे, आणि ती नेहमींच घेतली गेली असें नाहीं. पांचव्या चार्ल्सनें १५२७ नंतर शेजारीं स्वतःचा प्रचंड महाल घातला. तो चारशें वर्षें छपरावांचून पडला. १८१२ मध्यें माघार घेतांना नेपोलियनच्या सैन्यानें कांहीं बुरूज सुरुंगानें उडविले. पुढें राजवाड्यांत भिकारी आणि शेळ्या राहूं लागल्या. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंग १८२९ मध्यें येथें राहिला आणि त्याच्या १८३२ च्या पुस्तकामुळें जगाचें लक्ष इकडे वळलें. विसाव्या शतकांत तोर्रेस बाल्बास या वास्तुतज्ज्ञानें जें तुटलें तें नव्यासारखें न करतां केवळ सांवरून धरण्याचें धोरण ठेवलें. आज अल्हाम्ब्रा पाहणारा प्रत्येकजण त्याचा ऋणी आहे. आतां वर्षास पंचवीस लाखांच्या आसपास लोक येतात. म्हणून नस्र महालांत अर्ध्या तासास ठराविक संख्येनेंच सोडतात, तिकिटावर वेळ छापलेली असते, आणि ती चुकली तर प्रवेश मिळत नाहीं. कित्येक आठवडे आधीं तिकीट न काढणारा प्रवासी दारावरून परततो.

समोरच्या टेंकडीवर अल्बाइसीन ही जुनी मुसलमान वस्ती आहे. १४९१ च्या तहांत ग्रानादाच्या मुसलमानांना धर्म, कायदा आणि मशिदी राखण्याचें वचन दिलें होतें. दहा वर्षेंहि तें टिकलें नाहीं. १५०० च्या सुमारास कार्डिनल सिस्नेरोसच्या आज्ञेनें बिब-रांब्ला चौकांत अरबी ग्रंथांची होळी झाली. वैद्यकाचे ग्रंथ तेवढे वगळले. मग सक्तीचा बाप्तिस्मा, १५६८ चें बंड, आणि अखेर १६०९ पासून बाटलेल्यांच्या वंशजांनाहि, सुमारें तीन लाख माणसांना, देशाबाहेर घालविलें. यहुद्यांना हांकलून देण्याचा हुकूम तर ३१ मार्च १४९२ रोजीं अल्हाम्ब्रांतच निघाला होता. ज्या दालनांच्या सौंदर्यानें प्रवासी भारावतात त्यांच्याशीं हाहि इतिहास बांधलेला आहे. पांच शतकांनंतर, २००३ मध्यें, अल्बाइसीनच्या माथ्यावर पुन्हां एक मशीद उघडली.

त्याच रांगेंत पुढें साक्रोमोंते ही जिप्सींची टेंकडी. स्पेनमधील जिप्सींना हितानो म्हणतात. सुमारें हजार वर्षांपूर्वीं हिंदुस्थानाच्या वायव्य भागांतून निघालेल्या लोकांचे हे वंशज, हें त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालें आहे. त्यांच्या बोलींत पाण्यास ‘पाञी’ म्हणतात. मराठी माणसाला त्याचा अर्थ विचारावा लागत नाहीं. पंधराव्या शतकांत ते स्पेनमध्यें आले. १४९९ पासून त्यांच्याविरुद्ध कायद्यामागून कायदे झाले, आणि १७४९ मध्यें तर एका मोहिमेंत हजारों बायकापोरांस धरून कैदेंत घातलें. त्यांच्या आणि अंदालुसियांतील गरिबांच्या गळ्यांतून फ्लामेंको हें गाणें घडलें. मूळ वस्तु गाणें. गिटार आणि नाच त्याच्या सोबतीस. ‘सोलेआ’ या प्रकारांत बारा मात्रांचें आवर्तन असतें आणि आघात तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या व बाराव्या मात्रेवर पडतात. एकतालाच्याहि मात्रा बारा. तेवढ्यावरून फ्लामेंको कथ्थकांतून जन्मलें असें ठोकून देणारे उत्साही लोक असतात. विभाग निराळे, आघात निराळे. नातें जोडावयाचें तर पुरावा अधिक हवा.

१९२२ च्या जूनमध्यें संगीतकार मानुएल दे फाय्या आणि तरुण कवि लोर्का यांनीं अल्हाम्ब्राच्या आवारांत या जुन्या गाण्याची स्पर्धा भरविली. करमणुकीच्या बाजारांत तें भ्रष्ट होत आहे अशी त्यांना धास्ती होती. बक्षिसें मिळालीं तीं जवळजवळ विस्मृतींत गेलेला वृद्ध गायक दिएगो बेर्मुदेस आणि बारा वर्षांचा मनोलो काराकोल यांना. लोर्काला १९३६ मध्यें ग्रानादाजवळच गोळ्या घालण्यांत आल्या. त्याचें थडगें अद्याप सांपडलेलें नाहीं. साक्रोमोंतेच्या गुहांतून राहणारीं बहुतेक कुटुंबें १९६३ च्या सुमारास अतिवृष्टीनें दरडी कोसळल्यावर नगराच्या कडेच्या वस्त्यांत हलविलीं गेलीं. आज त्या गुहांत रोज रात्रीं प्रवाशांसाठीं खेळ होतात. त्यांतले पुष्कळसे ठरीव सांच्याचे असतात, पण एखादे रात्रीं कोणी म्हातारी गाऊं लागते आणि टाळ्यांचा ठेका देणारींच माणसें एकाएकीं गंभीर होतात.

दरवर्षीं २ जानेवारीस ग्रानादांत नगर जिंकल्याचा उत्सव होतो. नगरपालिकेच्या सज्जांतून राजध्वज फडकविला जातो. खालीं चौकांत एका बाजूस जयघोष चालतो आणि दुसऱ्या बाजूस, पराभूतांच्या वंशाची हकालपट्टी साजरी करूं नका, असे फलक धरून लोक उभे असतात. त्याच दिवशीं अल्हाम्ब्राच्या वेला बुरुजावरील मोठी घंटा वाजविण्यास सर्वांस मोकळीक असते. जी अविवाहित मुलगी त्या दिवशीं ती वाजवील तिचें त्या वर्षांत लग्न होतें अशी समजूत आहे; त्यामुळें सकाळपासून बुरुजाच्या जिन्यावर मुलींची रांग लागते.